स्टुडंट फिल्मच्या ट्रेलरला म्युझिक कसं निवडायचं: मूड ठरवण्यापासून फायनल मिक्सपर्यंत

कॉलेजच्या शॉर्ट फिल्मचा ट्रेलर बनतो तेव्हा म्युझिकचा नंबर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लागतो. शूट झालं, एडिट झालं, पोस्टर झालं, उद्या संध्याकाळी टाकायचाय, आणि मग रात्री बारा वाजता कुणीतरी यूट्यूबवर ‘इमोशनल बॅकग्राउंड म्युझिक नो कॉपीराइट’ असं सर्च करतं, वरच्या पाचातलं एक उचलतं आणि पिक्चरखाली टाकून मोकळं होतं. त्यामुळे होतं काय की सांगलीतल्या पोरांची फिल्म, नाशिकच्या पोरांची फिल्म आणि कुठल्यातरी मोबाईल कंपनीची जाहिरात, तिन्हींना तोच पियानो. वर्षभर राबून केलेल्या फिल्मचं असं होऊ नये असं मला फार वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझ्या मते धरून ठेवायची गोष्ट एकच आहे: ट्रेलर संपल्यावर बघणाऱ्याच्या डोक्यात कुठला प्रश्न उरला पाहिजे ते आधी ठरवा, आणि तो प्रश्न जे म्युझिक शेवटपर्यंत उघडा ठेवतं ते घ्या. फिल्म दुःखी आहे म्हणून दुःखी म्युझिक, हॉरर आहे म्हणून किंचाळणारी व्हायोलिनं, असं केलं की प्रश्नाचं उत्तर ट्रेलरमध्येच देऊन टाकल्यासारखं होतं, मग फिल्म कशाला बघायची.

एक उदाहरण घेऊनच बोलूया

समजा तुमची फिल्म बारा मिनिटांची आहे. मे महिना, कोरडवाहू गाव, विहीर आटलीय. दोन भाऊ, वाटण्या झालेल्या, बोलणं जवळपास बंद, पण विहीर सामाईक असल्यामुळे ती खोल करायला दोघांना एकत्र उतरावं लागतं. शेवटी पाणी लागतं का नाही ते फिल्ममध्ये. याचा ट्रेलर पन्नास सेकंदांचा करायचाय. बारा मिनिटांच्या फिल्मला दोन मिनिटांचा ट्रेलर करू नका, चाळीस सेकंद ते एक मिनिट यात बसवा, त्याहून लांबला की सगळे चांगले शॉट तिथेच खर्च होतात.

इथे प्रश्न कुठला? ‘पाणी लागेल का’ हा एक, आणि ‘पाणी लागलं तर ते कुणाचं’ हा दुसरा. पहिला घेतला तर ट्रेलर आशेचा होतो, म्युझिक हळूहळू वर चढत जाणारं लागेल. दुसरा घेतला तर ट्रेलर ताणाचा होतो, म्युझिक वर चढण्यापेक्षा एका जागी अडकून बसलेलं लागेल. शॉट तेच, डायलॉग तेच, पण फिल्म वेगळी वाटणार. मी दुसरा घेईन. तुम्ही तुमच्या फिल्मसाठी हा प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा आणि एडिटिंगच्या टेबलावर समोर चिकटवून ठेवा. डायरेक्टर, एडिटर आणि साउंडवाला या तिघांनी लिहिलेलं वाक्य वेगवेगळं निघालं तर म्युझिक शोधायला बसूच नका, आधी भांडून एक वाक्य करा.

मूड लिहायचा कसा

‘इमोशनल’, ‘एपिक’, ‘डार्क’ हे शब्द काही कामाचे नाहीत, कारण दोन माणसांना त्यातून दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. त्यापेक्षा चार गोष्टी ठरवा. वेग किती. पोत कसा, म्हणजे खरखरीत का गुळगुळीत. वाद्यं किती, एकटंच का बरीच. आणि शेवटाला आवाज मिटतो का लटकत राहतो. विहिरीच्या ट्रेलरसाठी मी लिहीन: संथ पण ठोक्यावर पक्का, खरखरीत, दोनच आवाज, शेवटी लटकत ठेवायचं. एवढं लिहिलं की शोधण्यातला निम्मा वेळ वाचतो आणि कंपोझर मिळाला तर त्यालाही नेमकं कळतं.

मग दुसऱ्यांचे ट्रेलर ऐका. हो, ऐका, पिक्चर बंद करून. फोन उलटा ठेवा, हेडफोन लावा आणि वहीत वेळ टिपा: म्युझिक कितव्या सेकंदाला सुरू झालं, कुठे थांबलं, किती वेळा बदललं, शेवटचा मोठा दणका कुठे पडला. आठ-दहा ट्रेलर असे ऐकले की लक्षात येतं की बऱ्याच ट्रेलरमध्ये एकच ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत नसतोच, दोन-तीन तुकडे जोडलेले असतात, आणि ज्या जागा आपल्याला लक्षात राहिल्या त्यातल्या कितीतरी जागी म्युझिक थांबलेलं असतं.

वाद्य सोबत काय काय घेऊन येतं

यावर मला थोडं जास्त बोलायचंय, कारण मराठी स्टुडंट फिल्ममध्ये इथेच सगळ्यात जास्त सवयीने काम होतं. गाव दिसलं की बासरी, आई दिसली की सारंगी, राग आला की ढोल-ताशा. बघणारा हे इतक्यांदा ऐकून बसलाय की त्याला आता तिथे काही ऐकूच येत नाही.

आपल्याकडच्या प्रत्येक वाद्याला जागा आहे, प्रसंग आहे, आणि तो प्रसंग प्रेक्षकाच्या डोक्यात आपोआप येतो. संबळ वाजला की गोंधळ आणि देवी आली. ढोलकीची थाप आली की फड उभा राहिला. पखवाज आणि टाळ म्हटलं की दिंडी, भजन. हलगीचं तर आणखी वेगळं, ती मिरवणुकीत वाजते, कुस्तीच्या मैदानात वाजते आणि बऱ्याच भागात अंत्ययात्रेतही वाजते, त्यामुळे हलगी नुसती ‘एनर्जी’ म्हणून वापरली तर कुणाच्या गावात तिचा अर्थ भलताच लागू शकतो. तुतारीने ट्रेलर सुरू करायची फार हौस असते, पण २०२४ पासून तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं निवडणूक चिन्ह आहे, तेव्हा थिएटरमधल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात आधी प्रचारसभा येणार हे धरून चला. तुमच्या फिल्ममध्ये देवी असेल तर संबळ घ्याच, बिनधास्त घ्या. नसेल तर नुसता आवाज भारी वाटतो म्हणून घेऊ नका.

रागांचंही थोडंफार असंच. भैरवमध्ये पहाटेचं वजन आहे, मारव्यात दिवस मावळतानाची हुरहूर आहे, दरबारी रात्रीचा आहे. प्रेक्षकाला रागाचं नाव माहीत नसलं तरी कोमल रिषभ, म्हणजे षड्जाच्या (सा) लगेच वरचा सूर, लागला की तो जरा अस्वस्थ होतो हे तुम्ही तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज लावून आणि हार्मोनियमची एक पट्टी दाबून स्वतः करून बघू शकता. दोनच सूर पुरतात. स्टुडंट ट्रेलरला अख्ख्या बंदिशीची गरज जवळपास कधीच नसते.

आणि सगळ्यात चांगलं वाद्य बऱ्याचदा तुमच्या फिल्ममध्येच पडलेलं असतं. विहिरीच्या फिल्ममध्ये काय काय आहे बघा: कप्पीची करकर, दोराचं घासणं, टिकावाचा दगडावरचा ठोका, रिकामी बादली. कप्पीची करकर शूटिंगच्या दिवशी फोनवर का होईना, वेगळी रेकॉर्ड करून ठेवा, तीस-चाळीस सेकंद, आजूबाजूला कुणी बोलत नसताना. मग ऑडॅसिटीमध्ये घ्या, हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पॉलस्ट्रेच नावाचा इफेक्ट आहे, त्याने तो आवाज आठ-दहा पट ताणा. करकर जाते आणि एक लांबच लांब, धातूसारखा, किंचित हलणारा सूर तयार होतो. तो खाली ठेवला की झाला तुमचा ड्रोन, म्हणजे तानपुऱ्यासारखा सतत वाजत राहणारा सूर. तो जगात दुसऱ्या कुणाकडे नाही आणि त्याच्यावर क्लेम, म्हणजे ‘हे म्युझिक आमचं आहे’ असा कुणाचा दावा, येण्याचाही प्रश्न नाही.

म्युझिक आणायचं कुठून, आणि हक्कांचं काय

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा, कारण ट्रेलर टाकल्यावर बोंब इथेच होते.

पहिली अफवा: ‘तीस सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर चालतं.’ चालत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या ॲक्टमध्ये, असा सेकंदांचा काही नियम नाही. दुसरी: ‘आम्ही स्टुडंट आहोत, पैसे कमवत नाही.’ वर्गात शिकण्या-शिकवण्यासाठी काही सवलती आहेत, पण ट्रेलर यूट्यूबवर टाकला, फेस्टिव्हलला पाठवला की तुम्ही वर्गाबाहेर आलात. तिसरी: ‘डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दिलं की झालं.’ क्रेडिट म्हणजे परवानगी नाही.

गाण्यात हक्क दोन ठिकाणी असतात हे डोक्यात पक्कं करा. शब्द आणि चाल हे एक, आणि ते गाऊन-वाजवून केलेलं रेकॉर्डिंग हे दुसरं. शब्द-चालीवरचा हक्क तो करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६५ साली बाजारात आलेली तबकडी २०२५ संपेपर्यंत. पण रेकॉर्डिंग मोकळं झालं म्हणून चाल मोकळी झाली असं नाही, संगीतकार नंतर कधी गेला त्यावर ते ठरतं. आपल्याकडे हे अभंगांच्या बाबतीत फार गोंधळाचं होतं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्याला ज्या संगीतकाराने चाल लावली ती त्याची आणि जी कॅसेट तुमच्या घरी लहानपणापासून वाजते ती कंपनीची. अभंग हवाच असेल तर गावातल्या भजनी मंडळाला पारंपरिक चालीत म्हणायला सांगा, स्वतः रेकॉर्ड करा आणि त्यांच्याकडून साध्या मराठीत लिहिलेल्या अर्ध्या पानावर सह्या घ्या. ओव्यांचंही तेच. आजीने म्हटलेली जात्यावरची ओवी ट्रेलरला जो खरेपणा देते तो कुठल्याही लायब्ररीत मिळणार नाही, फक्त आजीला विचारून, ती कुठे वापरणार ते नीट सांगून घ्या.

रेडिमेड घ्यायचं असेल तर यूट्यूब ऑडिओ लायब्ररी, फ्री म्युझिक आर्काइव्ह, पिक्साबे, इनकॉम्पिटेक, आणि आवाजांसाठी फ्रीसाउंड, इथे बघा. या ठिकाणी बरंच काम क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) लायसन्सवर, म्हणजे करणाऱ्याने काही अटींवर आधीच दिलेल्या परवानगीवर, असतं आणि ती लायसन्सं सगळी सारखी नसतात. सीसी झिरो म्हणजे मोकळं. सीसी बाय म्हणजे ट्रॅकचं नाव, करणाऱ्याचं नाव, लिंक आणि लायसन्स लिहून वापरा. एनसी असेल तर व्यावसायिक वापर नाही, आणि रोख बक्षीस किंवा चॅनेलवरच्या जाहिराती त्यात मोडतात का यावर वाद होऊ शकतो, म्हणून मी तर टाळाच म्हणेन. एसए असेल तर तुमचा ट्रेलरही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो. आणि एनडी, म्हणजे बदल करायची परवानगी नसलेला, ट्रॅक ट्रेलरला घेऊच नका, कारण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटींप्रमाणे म्युझिक हलत्या चित्राला जुळवून लावणं हाच बदल धरला जातो. ही गोष्ट कितीतरी जणांना माहीत नसते.

एआयने बनवलेला ट्रॅक घेणार असाल तर त्या सेवेच्या फ्री प्लॅनच्या अटी आधी वाचा, आणि फेस्टिव्हलच्या फॉर्मवर एआयबद्दल विचारलं असेल तर सरळ सांगा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर कॉलेजात संगीत शिकणारं कुणीतरी असतंच, त्याला बोलवा, त्यालाही पोर्टफोलिओ हवा असतो.

काहीही डाउनलोड केलं की त्याच दिवशी लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये टाका. फुकट म्हणून घेतलेल्या ट्रॅकवरही यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे म्युझिक आपोआप ओळखणारी यंत्रणा, कधीकधी क्लेम लावतो आणि तेव्हा हेच कागद दाखवावे लागतात.

कंपोझर असेल तर

त्याला ‘भारी कर’ सांगू नका. लिहून द्या: ०:०८ ला सूर यायला हवा, ०:२० ला ठोका, ०:३८ ला सगळं बंद, ०:४० ला एकच आवाज. टेम्प म्युझिक, म्हणजे एडिट करताना तात्पुरतं लावलेलं कुणाचंतरी गाणं, त्याला ऐकवा पण सोबत का लावलं होतं ते सांगा, वेगासाठी, वाद्यासाठी का थांबण्यासाठी. टेम्पची सवय फार वाईट लागते, महिनाभर तेच ऐकलं की मग स्वतःच्या मित्राने केलेलं चांगलं कामही फिकं वाटायला लागतं, म्हणून टेम्प आठवड्याला बदलत राहा. आणि फायनल घेताना एकच मिक्स घेऊ नका, ठोका वेगळा, सूर वेगळा, गळा वेगळा अशा स्वतंत्र फाइल मागा, वेव्हमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

कट आणि ठोका जुळवायचं गणित

हे सोपं आहे पण कुणी सांगत नाही. ट्रॅकचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, काढा, बहुतेक सॉफ्टवेअर दाखवतं किंवा टॅप करून मोजता येतो. सेकंदाला २४ फ्रेमवर शूट केलं असेल तर १४४० ला बीपीएमने भागा, उत्तर म्हणजे दोन ठोक्यांमधल्या फ्रेम. १२० ला १२ फ्रेम, ९६ ला १५, ७२ ला २०. २५ फ्रेमला १५०० ने करा, तिथे १०० ला १५ आणि ७५ ला २० येतात. फोनवर ३० ने शूट केलं असेल तर १८००, म्हणजे ९० ला २०. पूर्ण आकडा येणारा वेग निवडला की एडिटमध्ये मार्कर सरकत नाहीत आणि कट बरोबर बसतात. ट्रॅकचा वेग ७३ असेल तर ७२ वर आणणं कानाला कळतही नाही.

पण प्रत्येक ठोक्यावर कट मारू नका हां. दोन-तीन कट ठोक्यावर, मग एखादा शॉट मुद्दाम ठोका ओलांडून जाऊ द्या. डोळा मिटण्याच्या, दार लागण्याच्या, कुणी मान वळवण्याच्या क्षणावर ठोका पडला तर तो जास्त लागतो, कटवर पडण्यापेक्षाही.

तीन मिनिटांचा ट्रॅक पन्नास सेकंदात बसवायचा तर शेवटाकडून सुरू करा. ट्रॅकचा शेवटचा दणका आणि त्याची घुमणारी शेपटी टायटलवर ठेवा आणि मागे मागे येत जा. जोड द्यायचा तो आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विझताना दुसरा वर आणायचा, आणि तरी ऐकू येत असेल तर त्यावर दाराचा आवाज किंवा डायलॉगचा पहिला शब्द ठेवा, जोड लपून जातो. फेडआउट करून ट्रेलर संपवू नका, त्यात थकल्यासारखं वाटतं.

आता विहिरीचा ट्रेलर असा लागेल. पहिले आठ सेकंद म्युझिक नाहीच, नुसती कप्पी आणि खाली उतरणाऱ्या माणसाचा श्वास. आठव्या सेकंदाला ताणलेल्या कप्पीचा सूर हळूच आत येतो, इतका हळू की कधी आला ते कळू नये. विसाव्याला टिकावाचा ठोका, ७२ च्या वेगाने, आधी पिक्चरमध्ये दिसणारा, मग पिक्चर बदललं तरी चालूच राहणारा, जेवणाच्या ताटांवर, बंद दारावर, सातबाऱ्याच्या कागदावर. त्यात हळूहळू हलगीऐवजी रिकाम्या डब्यावरचा एक ठोका मिसळायचा. अडतिसाव्याला धाकटा विचारतो, ‘पाणी लागलं तर धरायचं कुणी?’ आणि तिथे सगळं बंद. दोन पूर्ण सेकंद काही नाही, सूर पण नाही. नंतर आजीच्या ओवीची एकच ओळ, अर्धवट तोडलेली. टायटल. टायटल गेल्यावर काळ्या पडद्यावर बादली तळाला आपटते, आणि ती पाण्यात पडली का दगडावर ते नेमकं कळू नये इतकंच ऐकवायचं.

या सगळ्यात रायझर (चढत जाणारा आवाज), व्हूश (सुसाट जाणारा आवाज), मोठा ‘ब्राम’ (भोंग्यासारखा दणका) काहीच नाही हे बघा. ते वाईट नाहीत, ॲक्शन किंवा सायन्स फिक्शनला लागतातच, पण घरातल्या भांडणाच्या फिल्मवर तो भोंगा वाजला की प्रेक्षक वेगळ्याच फिल्मची वाट बघत बसतो.

निवड तपासायची कशी

तीन पूर्ण वेगवेगळे ट्रॅक त्याच एडिटवर लावा, त्यातला एक मुद्दाम उलटा घ्या, ताणाच्या ट्रेलरवर एखादी हलकी चाल. कधीकधी तीच चालून जाते. मग फिल्मबद्दल काहीही माहीत नसलेल्या तीन-चार जणांना एकेक व्हर्जन दाखवा, ‘आवडलं का’ विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘पुढे काय होईल असं वाटतं’ एवढंच विचारा. जे व्हर्जन बघून त्यांच्या तोंडी तुमच्या कागदावरच्या प्रश्नाच्या जवळचं काहीतरी येतं, ते घ्या, मग ते तुमचं लाडकं असो वा नसो.

मिक्स

डाविन्ची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये फेअरलाइट नावाचं साउंडचं पान आहे, तेवढं पुरतं. डायलॉगखाली म्युझिक नुसतं कमी करू नका, म्युझिकच्या ट्रॅकवर ईक्यू, म्हणजे आवाजाचा ठरावीक पट्टा कमी-जास्त करणारं साधन, लावून २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल काढा, शब्द तिथेच कळतात, मग म्युझिक फार दाबावं लागत नाही. ग्रामीण बोलीतले डायलॉग असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण शहरातल्या प्रेक्षकाला ती बोली पहिल्यांदा ऐकताना सगळं लक्ष शब्दांकडे द्यावं लागतं.

यूट्यूब साधारण -१४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) वरचा आवाज स्वतःच खाली आणतं, त्यामुळे सगळं ठासून मोठं करून काही मिळत नाही, उलट शांत जागा आणि दणका यातला फरक मरतो. पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, -१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. हेडफोनवर मिक्स झाला की फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तिथेच बघणार, आणि फोनला खालचा बेस जवळपास ऐकूच येत नाही. हेडफोनवर पोटात जाणारा तुमचा दणका तिथे गायब असेल तर त्याच्यावर एक मधल्या सुराचा ठोका चढवा, लाकडावर काठी, लोखंडावर हातोडी, काहीही. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवणार असाल तर आदल्या दिवशी जाऊन तिथल्या स्पीकरवर एकदा लावून बघा, रिकाम्या हॉलमध्ये घुमतं जास्त, माणसं भरली की कमी होतं, म्हणून रिकाम्या हॉलच्या भरवशावर मिक्स बदलत बसू नका, फक्त डायलॉग कळतोय ना आणि कुठे फाटत नाही ना तेवढं बघा.

एक्सपोर्ट करताना पूर्ण मिक्ससोबत म्युझिक नसलेलं एक व्हर्जन, म्हणजे फक्त डायलॉग आणि इफेक्ट, तेही काढून लायसन्सच्या फोल्डरशेजारीच ठेवा. उद्या एखाद्या फेस्टिव्हलने किंवा क्लेममुळे ट्रॅक बदलायची वेळ आली तर अख्खा ट्रेलर परत उघडायला लागणार नाही, तेवढं म्युझिक बदलून तासाभरात पाठवता येईल.